करंगळीच्या बाजूचं हाड

हाकोदातेच्या बंदरापासून चौथ्या गल्लीत माझा दवाखाना.
दवाखाना कसला, दोन बाकं, रॉकेलची शेगडी,
आणि दारावर वडिलांच्या अक्षरातली पाटी:
हाडं बसवून मिळतील.
वडील ज्युदोवाले. आदळायचं कसं हे ज्यांनी शिकवलं
त्यांनीच सांधायचं कसं तेही शिकवावं,
असा इकडचा जुना रिवाज.

कुठली विद्या सरस, ते मला विचारू नका.
मला हाडं दिसतात.

कराटेवाल्यांचं मोडतं ते करंगळीमागचं,
ठोसा तिरका बसला की.
मुठीच्या चार टेकड्यांतली एक खचते
ती पुन्हा वर येत नाही.
ज्युदोवाले गळ्याचं हाड घेऊन येतात,
बोटं तर त्यांची आल्याच्या गड्ड्यासारखी.
खेकड्यांच्या रशियन बोटीवरून कधी सांबोवाला उतरतो,
गुडघ्याचा भोपळा झालेला, आणि हसतो,
समोरच्याचा याहून मोठा आहे म्हणतो.
सुमोच्या आखाड्यातून परत पाठवलेलं एक पोर आलं होतं,
सतरा वर्षांचं. त्याचं काहीच मोडलं नव्हतं.
शेगडीपाशी बसून राहिलं तासभर.
पैसे घेतले नाहीत.

दर गुरुवारी दोन गुरुजी येतात,
शिमाबुकु आणि ओनोदेरा,
एकाचा मनगटाला लेप, दुसऱ्याचा कमरेला.
"खऱ्या मारामारीत एक ठोसा. संपलं."
"खऱ्या मारामारीत तू दुसरा मारायच्या आत
खाली असशील, आणि वर मी."
"खाली बर्फ असला तर?"
"मग तर तू लाथ उचलतानाच पडलास."
"आणि त्याचा दोस्त मागे बाटली घेऊन उभा असला तर?"
एकोणीस वर्षं हेच.
चहा निवतो, लेप वाळतो.

खरी मी एकदाच पाहिली, मच्छीबाजारात.
दोन माकूळवाले, अंगात रबरी एप्रन,
धरायला कॉलर नाही, पाय ठरायला जमीन नाही.
दोघे दमले, मग एकाने दुसऱ्याचा कान चावला.
दात कुठल्या घराण्याचे,
ते मी गुरुजींना विचारलं. दोघे रुसले.

फेब्रुवारीत, रात्री साडेअकराला, ती आली.
दोघांपैकी एकाची बायको. कुणाची, ते सांगणार नाही.
"जिन्यावरून पडले."
मी हात दिव्याखाली धरला.
जिन्यावरून पडणारा तळवा टेकतो, त्याचं मनगट जातं.
हिचं मधोमध गेलं होतं,
कोपर आणि मनगटाच्या मध्ये, करंगळीच्या बाजूचं,
काकडी मोडावी तसं सरळ.
हे हाड तेव्हाच मोडतं
जेव्हा माणूस तोंडापुढे हात आडवा धरतो.
हा बचाव कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत.
तो सगळ्यांना येतो.

मी पट्ट्या बांधल्या. जिन्याबद्दल बोललो,
किती पायऱ्या, दिवा आहे का, कठडा आहे का.
तिने सगळं सांगितलं. अकरा पायऱ्या.

गुरुवारी दोघे आले.
"खऱ्या मारामारीत," एकाने सुरू केलं.
मी म्हटलं, "खऱ्या मारामारीत समोर कोण असतं, गुरुजी?"
शेगडी तेवढी बोलत राहिली.
त्यांच्यातल्या एकाने चहा न पिताच कप खाली ठेवला,
आणि मला वाटलं तो तोच,
पण म्हाताऱ्यांचे हात तसेही थरथरतात.

सहा आठवड्यांनी तिची पट्टी सोडली.
हात बारीक झालेला, केसांवर पांढरी पापुद्री.
म्हणाली, मनगट कुणी धरलं तर कसं सोडवायचं?
वडिलांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं तेच दाखवलं.
पकड कितीही घट्ट असो, अंगठ्यापाशी ती उघडी असते.
तिकडे वळव. ओढू नको. वळव.
तिने तीनदा करून पाहिलं.
चौथ्यांदा मी जोर लावून धरलं,
आणि माझी बोटं रिकामी राहिली.

आओमोरीची बोट सातला चाळीसला सुटते.
तिने वेळ विचारली नव्हती. मीच सांगितली.